पियानो जळगावला नेला तेव्हा

आमच्या शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये एक पियानो होता. शाळा मुलींची, मराठी माध्यमाची, धुळ्यातल्या एका जुन्या मिशनच्या आवारातली. ज्या परदेशी बायकांनी ती सुरू केली त्या म्हातारपणी मायदेशी परत गेल्या आणि जे उचलून नेणं शक्य नव्हतं ते मागे ठेवून गेल्या. त्यात लोखंडी पलंग होते, विहिरीवरचा पंप होता आणि हा पियानो होता. उभा, कपाटासारखा, काळपट तपकिरी. मधल्या सुट्टीत मुली त्याच्यावर डबे ठेवायच्या.

त्याचं झाकण उघडायची परवानगी फक्त संगीताच्या बाईंना होती. त्या परदेशी बायकांच्या हाताखालीच वाढल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. वर्गात त्या पेटीवर आम्हाला समूहगीतं शिकवायच्या आणि शाळा सुटली की हॉलमध्ये एकट्या पियानो वाजवत बसायच्या. मी पाचवीत होते. माझ्या वडिलांचं बी-बियाणांचं दुकान होतं आणि ते मला न्यायला येईपर्यंत मी हॉलच्या पायरीवर बसून राहायचे. वडिलांना आम्ही घरात भाऊ म्हणायचो. ते कधीच वेळेवर आले नाहीत, आणि माझं सगळं शिक्षण त्या उशिरातून झालं.

बाईंनी एक दिवस आतूनच विचारलं, "नुसतं ऐकतेस की करूनही बघायचंय?"

मी आत गेले. पुढची कितीतरी वर्षं बाहेर आले नाही म्हटलं तरी चालेल.

त्या पियानोचे हाल होते. धुळ्याच्या उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून बाई खालच्या फळीच्या आत पाण्याने भरलेलं पातेलं ठेवायच्या. आतल्या हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा कसरीने खाल्ला होता, तिथे त्यांनी घोंगडीचे तुकडे चिकटवले होते. त्यामुळे मधल्या काही पट्ट्यांचा आवाज खोल आणि घोगरा यायचा, सर्दी झालेल्या माणसासारखा. सूर लावायची लोखंडी किल्ली बाईंच्या पिशवीत असायची. पुण्याहून माणूस बोलवायची वाट बघत बसलो तर जन्म जाईल, असं म्हणून त्या स्वतःच तारा पिळायला शिकल्या होत्या. मलाही त्यांनी ते शिकवलं.

मी नववीत असताना त्यांनी मला एक कॅसेट ऐकवली. परत गेलेल्या बायकांपैकी एकीने ती पाठवली होती. बाईंच्या खोलीत आम्ही टेपरेकॉर्डरसमोर जमिनीवर बसलो. सुरुवातीला वाद्यवृंद एकटाच वाजत होता. व्हायोलिनं, बासऱ्या, कर्णे, खाली कुठेतरी गडगडणारे नगारे. बराच वेळ तेच. मला वाटलं, बाईंनी चुकीची कॅसेट लावली. मग पियानो आला. हळूच आला, पण कुणाला न विचारता.

"याला कॉन्चेर्टो म्हणतात," बाई म्हणाल्या. "एक पियानो आणि समोर सगळा वाद्यवृंद."

"म्हणजे भांडण?"

"कधी भांडण, कधी बोलणं. पण इतकी माणसं समोर असली तरी पियानो आपलं म्हणणं सोडत नाही. आता ऐक."

पहिला भाग संपत आला तेव्हा सगळी वाद्यं एकदम थांबली. पियानो एकटा उरला. त्या जागेला कॅडेन्झा म्हणतात हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी एवढंच कळलं, की इतका वेळ सगळे मिळून बोलत होते आणि आता सगळ्यांना गप्प बसून एकाचं ऐकावं लागतंय. माझ्या अंगावर काटा आला.

तो का आला हे कळायला आमचं घर माहीत हवं. घरात निर्णय नाना घ्यायचे. नाना म्हणजे भाऊंचे थोरले भाऊ. सोनगीरजवळच्या आमच्या गावी राहून शेती बघायचे आणि बाजारच्या दिवशी धुळ्याला आले की दुकानाच्या गादीवर बसून सगळ्या घराचा निकाल लावायचे. कुणी काय शिकायचं, कुणाला कुठे द्यायचं, आईने माहेरी कधी जायचं. भाऊ मान हलवायचे. आईला कुणी विचारायचंच नाही. नाना वाईट नव्हते. आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसणारा माणूस होता. पण त्यांच्या बोलण्यावर दुसऱ्याने बोलायची पद्धत आमच्याकडे नव्हती. आणि इथे या कॅसेटमध्ये एक जण सगळ्यांसमोर बोलत होता आणि त्याला कुणी उठवत नव्हतं.

मी बाईंना म्हटलं, "मला हे वाजवायचंय."

बाईंनी नाही म्हटलं नाही. मी फार लहान आहे, माझे हात लहान आहेत, हे आयुष्यभराचं काम आहे, असलं काही बोलल्या नाहीत. त्यांनी कपाटातून त्याचं छापील पुस्तक काढलं. त्यात वरती पियानोचा भाग होता आणि खाली वाद्यवृंदाचा भाग दुसऱ्या पियानोसाठी उतरवलेला होता. आपल्याकडे दुसरा पियानो नाही, असं मी म्हटलं. बाईंनी पेटीकडे बोट दाखवलं.

अशी ती सुरुवात झाली. मी पियानोवर आणि शेजारी बाई पेटीवर, एका हाताने भाता मारत, दुसऱ्या हाताने अख्खा वाद्यवृंद वाजवत. जिथे कर्णे गर्जायचे तिथे बाई भात्याला असा जोर लावायच्या की पेटी टेबलावरून सरकायची. माझा पंजा मोठ्या स्वरगुच्छांना पुरायचा नाही. "तोडून वाजव," त्या म्हणायच्या, "पण गाळू नको." पहिला भाग माझ्या हातात नीट बसायला दहावी, बारावी गेली आणि कॉलेजचं पहिलं वर्षही गेलं. शाळा सुटून गेली तरी मी रोज त्या हॉलमध्ये जात राहिले.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा जळगावच्या एका कॉलेजात युवक महोत्सव होता. त्यात पाश्चात्त्य वाद्याची स्पर्धा असायची आणि दरवर्षी त्यात दोन-चार गिटारवाले असायचे. मी नाव दिलं. आमच्या कॉलेजचे सांस्कृतिक विभागाचे सर म्हणाले, "तिथे पियानो नाहीये. कॅसिओ मिळेल. त्याच्यावर बसवून घे."

मी एका मैत्रिणीकडे जाऊन कॅसिओ बघून आले. माझा डावा हात जिथे सुरू होतो त्याच्या आधीच त्याच्या पट्ट्या संपत होत्या.

"सर, मी पियानो घेऊन जाते."

सर हसले. मी हसले नाही, तेव्हा त्यांचं हसू थांबलं.

शाळेच्या मुख्याध्यापिकांकडे परवानगी मागायला मी आणि बाई गेलो. वाद घालायची तयारी करून गेलो होतो, पण त्या चटकन म्हणाल्या, "न्या की. तेवढीच हॉलमध्ये जागा होईल." बाईंना ते वाक्य आवडलं नाही. मला त्या वेळी फक्त परवानगी ऐकू आली.

ट्रक भाऊंनी मिळवला. त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा कापूस सरकी काढायला धुळ्याहून जळगावच्या जिनिंगला जाणार होता. दिवस थंडीचे, कापसाच्या हंगामाचे. केबिनच्या पाठीला टेकवून पियानो उभा करायचा, दोरांनी आवळायचा आणि बाकी सगळीकडून कापूस दाबायचा, असं ठरलं. भाऊंनी हे सगळं नानांच्या कानावर न घालता केलं. माझ्या आठवणीत ही पहिलीच गोष्ट, जी भाऊंनी नानांना न विचारता केली.

पण नानांना कळलंच. स्पर्धेच्या आठवड्यात ते दुकानात आले ते दुसराच निरोप घेऊन. धरणगावची मंडळी मला बघायला येणार होती. दिवस रविवारचा. स्पर्धाही रविवारीच.

नाना म्हणाले, "जळगावनं ऱ्हाऊ दे आते. पाव्हणा येई राह्यनात."

गादीवर ते, समोर भाऊ, आतल्या दारात आई. मी काउंटरपाशी उभी. भाऊंनी मान खाली घातली. मला वाटलं, आता ती हलणार. म्हणून ती हलायच्या आत मीच बोलले.

"नाना, मी जळगावला जाणार आहे."

नानांनी माझ्याकडे न बघता भाऊंना विचारलं, "काय म्हनी राह्यनी ही?"

"नाना, मी तुमच्याशी बोलतेय. मी रविवारी जळगावला वाजवणार आहे. पाहुण्यांना दुसरा दिवस सांगा."

माझा आवाज नीट निघाला होता. आणि मग आतल्या दारातून आई बोलली. नानांसमोर आईचा आवाज मी त्याआधी फारसा ऐकला नव्हता.

"धरणगावहून जळगाव किती लांब आहे? पाहुण्यांनाही तिथेच बोलवा. पोरगी बघायचीय ना, मग ती काय करते तेही बघू दे."

भाऊ पटकन म्हणाले, "हां, हे बरं शे नाना." जणू काही त्यांच्याच मनात ते होतं. नानांनी टोपी डोक्यावर नीट केली आणि चहा सांगितला. म्हणजे त्यांना ते मान्य झालं होतं, पण तोंडाने म्हणायचं नव्हतं.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. केबिनमध्ये चालक, भाऊ, बाई आणि मी. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. दर खड्ड्याला मागून एक हुंकार यायचा, सगळ्या तारा एकदम थरारल्याचा. बाई डोळे मिटून घ्यायच्या. जळगावच्या जकात नाक्यावर ट्रक अडवला. कारकून मागे चढला, कापूस बाजूला करून बघितलं आणि खाली उतरून म्हणाला, "कापसात कपाट लपवून नेताय."

भाऊ म्हणाले, "कपाट नाही, बाजा आहे."

"एवढा मोठा बाजा असतो होय? वाजवून दाखवा."

भाऊ त्याला समजवायला लागले. मी केबिनमधून उतरले आणि चाकावर पाय देऊन मागे चढले. कमरेपर्यंत कापसात रुतत पियानोपाशी पोचले, झाकण उघडलं आणि उभ्यानेच कॉन्चेर्टोतले पियानोचे पहिले स्वर वाजवले. सूर पार उतरले होते. पण आवाज मोठा होता. मागे उभ्या ट्रकांचे चालक खाली उतरले. ऊस चघळणारा एक जण चघळायचा थांबला. मी पहिलं पान संपेपर्यंत वाजवत राहिले. कारकून पुरे म्हणाला होता, पण पान संपलं नव्हतं.

"जाऊ द्या यांना," तो म्हणाला.

सगळी दुपार बाई आणि मी रंगमंचावर तारा पिळत होतो. आयोजक चिडले होते, कारण एकदा ठेवलेला पियानो हलवणार कोण? बाकीचे कार्यक्रम कसे व्हायचे? सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून आलेला मुलांचा एक नाचाचा संघ तिथे ढोल घेऊन बसला होता. त्यांनी आपापसात काही ठरवलं आणि सांगितलं, की आम्ही हलवू, जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "याच्या आत काय आहे?" मी वरचं झाकण उचलून हातोड्या तारांवर कशा आदळतात ते दाखवलं. तो खुश झाला. "म्हणजे हाही मारूनच वाजवायचा," तो म्हणाला.

नियम दहा मिनिटांचा होता. आमचा पहिला भाग, सुरुवातीचा लांब वाद्यवृंद छाटूनही, दहा मिनिटांत बसत नव्हता. कॅडेन्झा तर दहा मिनिटांच्या पलीकडेच यायची.

आदल्या संध्याकाळी मी बाईंना विचारलं, "मध्येच घंटा वाजली तर?"

बाई किल्ली पिशवीत ठेवत म्हणाल्या, "वाजू दे."

रविवारी सभागृह भरलं होतं. गिटारवाल्यांना शिट्ट्या मिळाल्या. मग पडदा उघडला आणि लोकांना दिसला एक मोडकळीला आलेला पियानो, त्याच्यासमोर मी आणि शेजारी पेटी घेऊन पांढऱ्या पातळातल्या बाई. साथीदार म्हणून त्यांचं नाव दिलं होतं. बाईंनी भाता मारला आणि वाद्यवृंदाचा आरंभ पेटीवर सुरू केला. मागून कुणीतरी ओरडलं, "भजन आहे का?" हशा पिकला. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांची पाठ ताठ होती. तो हशा चालू असतानाच माझी जागा आली आणि मी आत शिरले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. हशा कधी थांबला ते कळलं नाही. घोंगडी लावलेल्या मधल्या पट्ट्या त्या दिवशी फार छान बोलल्या. एका जागी माझा हात घसरला आणि बाईंनी भाता रोखून मला सावरून घेतलं. मग पहिली घंटा वाजली, सूचनेची. थोड्या वेळाने दुसरी, वेळ संपल्याची. मी वाजवत होते. मग घंटा वाजतच राहिली. निवेदक विंगेतून वाकून म्हणाला, "ताई, वेळ संपली." मी मान हलवली नाही. मला राग आला नव्हता. उलट डोकं अगदी स्वच्छ होतं. घरात, दुकानात, पाहुण्यांसमोर मी कितीतरी वाक्यं अर्धी गिळली होती. हे मात्र मी पुरं बोलणार होते.

तेव्हा त्यांनी माईक बंद केला. माईक पेटीपुढे होता. पेटीचा आवाज एकदम बारीक झाला आणि नेमकी तीच जागा आली जिथे वाद्यवृंद थांबतो. बाईंनी भात्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. पियानोला माईक लागत नाही. मी कॅडेन्झा वाजवली. सगळी वाजवली, सावकाश, एकही स्वर न गाळता. घंटा वाजवणाराही थकला असावा, कारण शेवटी शेवटी सभागृहात दुसरा आवाजच नव्हता. शेवटचा वाद्यवृंद बाईंनी माईकशिवाय वाजवला आणि आम्ही संपवलं.

टाळ्या आधी नाचाच्या पोरांनी सुरू केल्या. मग पसरल्या.

निकालात माझ्या नावापुढे अपात्र असं होतं. परीक्षकांपैकी एक गृहस्थ बाहेर भेटले. म्हणाले, "घंटेला थांबली असतीस तर पहिली आली असतीस."

"अर्धवट वाजवून?"

"नियम असतात बाळा."

"माहीत आहे सर. मी तो मोडला. म्हणून तुम्ही मला बाद केलंत, ते बरोबरच आहे." मला ते खरंच बरोबर वाटत होतं. नियम त्यांचा होता, कॉन्चेर्टो माझा होता.

धरणगावची मंडळी तिसऱ्या रांगेत बसली होती. ती चहा न घेताच गेली. निरोप दोन दिवसांनी नानांकडे आला. मुलाच्या आईने म्हटलं होतं, "इतका वेळ घंटा वाजत होती, पोरगी काही थांबली नाही. आमच्या घरात तिचं कसं व्हायचं?"

नानांनी दुकानात बसून हे सगळ्यांना ऐकवलं आणि मला विचारलं, "घंटा वाजनी तवय उठाले काय झायं व्हतं तुले?"

"संपलं नव्हतं नाना."

भाऊ पोत्याचं तोंड शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "त्या बाईने बरोबर ओळखलं. हिचं तिथे नसतंच झालं." आई आत हसल्याचं मला ऐकू आलं. नानांनी त्यानंतर माझ्यासाठी स्थळ आणलं नाही. रागाने आणलं नाही की विचार करून, मला माहीत नाही.

पियानो घेऊन आम्ही धुळ्याला आलो तेव्हा त्याच्या जागी हॉलमध्ये लोखंडी कपाटं उभी राहिली होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, की आता इथे सोय होणार नाही, तुम्हीच घेऊन जा. बाई निवृत्तीला आल्या होत्या. परत जाताना त्या आवाराच्या फाटकाला हात लावून थांबल्या. मी ट्रकवाल्याला दुकानाचा पत्ता सांगितला.

भाऊंच्या बियाणांच्या गोदामात, भिंतीकडच्या पोत्यांना सरकवून, पियानो उभा राहिला. तिथे औषधांचा उग्र वास यायचा आणि उंदरांशी लढावं लागायचं. बाई रोज दुपारी यायच्या. पहिल्या वर्षी शेजारच्या दुकानदाराची मुलगी शिकायला आली, मग तिच्या दोन मैत्रिणी. आवाजाची तक्रार घेऊन बाजूचे भांड्यांचे व्यापारी आले, तेव्हा भाऊ म्हणाले, "तुमच्या पातेल्यांचा आवाज आम्ही ऐकतोच की." मी गोदामाचं दार उघडंच ठेवायचे. लपवून शिकवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पुढच्या महोत्सवाच्या नियमांत स्पर्धकांनी स्वतःचं अवजड वाद्य आणू नये, असं नवं कलम आलं. सरांनी मला ते मुद्दाम दाखवलं. मी ते आईलाही वाचून दाखवलं.

काही वर्षांनी तोच कॉन्चेर्टो मुंबईत होणार असल्याचं पेपरात आलं. बाईंनी तो प्रत्यक्ष कधी ऐकला नव्हता, मीही नाही. आम्ही दोघी गेलो. खुर्च्या मऊ होत्या, रंगमंच वाद्यांनी भरलेला होता, आणि मधोमध एवढा लांब काळा पियानो, की आमच्या गोदामात तो आडवाही मावला नसता. वाजवणारा फार चांगला होता. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी सगळा वेळ त्याच्या बोटांमागोमाग चालत होते. रस्ता मला ठाऊक होता.

मध्यंतरात शेजारच्या एका वयस्क गृहस्थांशी बोलणं निघालं. मी हे वाजवते म्हटल्यावर त्यांनी कुठे, कुणाकडे, असं सगळं विचारलं. धुळ्याचं नाव ऐकून ते हळहळले. मनापासून हळहळले. म्हणाले, "तुम्ही दोन-तीन वर्षं इथे येऊन राहायला हवं. तिकडे हे सगळं वाया जाईल हो."

"तुम्हीच या ना धुळ्याला," मी म्हटलं. "दुपारी चारनंतर आम्ही असतो. सहा मुली आहेत."

त्यांना ते विनोदानं म्हटल्यासारखं वाटलं. बाईंनी पिशवीतून पेन काढून कार्यक्रमपत्रिकेच्या कोपऱ्यात दुकानाचा पत्ता लिहिला आणि त्यांच्या हातात दिला.

दुसरा दिवस शिकवणीचा होता, म्हणून आम्ही मुक्काम केला नाही. चाळीसगावला उतरून सकाळची धुळ्याची गाडी धरली. बाईंना खिडकी दिली. गाडी गावाबाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या, "कॅडेन्झा त्याने फार घाईत उरकली." मग त्यांनी डोकं खिडकीला टेकलं, आणि मी सहा मुलींपैकी कुणाला आज काय द्यायचं याचा विचार करायला लागले.